बाकावरचे खांबेटे

जानेवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कोलकात्यातल्या भवानीपूरच्या एका चहाच्या दुकानासमोर, सतरा माणसं आणि तीन कुत्र्यांच्या देखत, दिगंबर खांबेटे यांनी आपल्या बायकोला मनातली गोष्ट सांगितली.

खांबेट्यांना ओळखणारा कोणीही हे वाचून म्हणेल, छे, शक्यच नाही. बरोबर आहे. असं काही घडलेलं नाही. वरचं वाक्य रद्द समजावं, आणि ज्यांनी ते वाचलं असेल त्यांनी आपण ते वाचलेलं नाही असं धरून पुढे यावं.

तर दिगंबर खांबेटे, वय सत्तेचाळीस, एका सरकारी कंपनीच्या एस्प्लनेडच्या कार्यालयात वरिष्ठ व्यवस्थापक. एवढी माहिती त्याच्या ओळखपत्रावर असते, आणि ते ओळखपत्रही तो गळ्यात उलटं घालतो.

माणूस तुसडा नव्हता. भांडखोर तर मुळीच नव्हता. आतलं बाहेर येऊ द्यायचं नाही एवढाच त्याचा नेम होता, आणि तो एखाद्या चांगल्या कंपनीच्या थर्मासइतक्या निष्ठेनं पाळायचा. लग्नाआधी तो लीनाला बघायला गेला तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "मग, पसंत आहे ना मुलगी?" दिगंबर म्हणाला होता, "कळवतो." त्याला एकवीस वर्षं झाली. मधल्या काळात लग्न झालं, नूपुर झाली, ती आठवीत गेली. कळवायचं तेवढं राहिलं.

पुण्याला असताना एकदा तो "जरा जाऊन येतो" म्हणून घरातून निघाला आणि चौथ्या दिवशी अपेंडिक्सशिवाय परत आला. लीनानं आकांडतांडव केलं. "अरे, सांगायचं तरी!"

"सांगण्यासारखं काही नव्हतं," दिगंबर म्हणाला. "आता तर तेही काढलं."

पाच वर्षांपूर्वी कंपनीनं त्याची कोलकात्याला बदली केली. इथे फ्लॅट मिळाला चौथ्या मजल्यावर. दिगंबर लिफ्टनं पाचव्यावर जायचा आणि जिन्यानं एक मजला उतरून घरात शिरायचा, म्हणजे आपण कुठे राहतो ते कोणाला कळायला नको. समोरच्याच दारातले शेजारी लिफ्टमध्ये बरोबर असले तर तेही बिचारे पाचव्यावर जाऊन खाली उतरायचे. त्यांना वाटायचं, ह्या इमारतीची तशी पद्धत असावी.

"ह्याला त्या फोर्ट विल्यममध्ये ठेवायला हवा," लीना आपल्या बहिणीला, पुण्याच्या सायलीला, फोनवर सांगायची. "सैन्याची गुपितं एखाद वेळेस फुटतील. ह्याच्याकडे ठेवली तर सैन्यालाही परत मिळायची नाहीत." लीना घरून ऑनलाइन गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात सायलीशी बोलायची. बोलणं ही त्या घरात तिची एकटीची जबाबदारी होती.

पण कोलकाता हे गाव असल्या माणसाचं नाही. इथे ओळख नावापासून सुरू होत नाही, पोटापासून होते.

कोपऱ्यावर अविनाशचं चहाचं दुकान होतं आणि दुकानासमोर एक लाकडी बाक. त्यावर रोज सकाळी साडेसहापासून पाड्यातली म्हातारी मंडळी येऊन बसायची. पाडा म्हणजे इथे गल्ली, गल्लीतली माणसं आणि त्या माणसांना एकमेकांबद्दल असलेली माहिती, असं सगळं मिळून. दिगंबर फिरून येताना तिथे चहा प्यायचा. साडेतीन वर्षं तो बाकाकडे पाठ करून उभा राहिला. मग एका सकाळी त्याच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो नीट करायला दिगंबर बाकावर टेकला. निव्वळ तांत्रिक कारणासाठी.

"काय दिगोंबोरबाबू," शेजारून आवाज आला, "आज पोट कसं आहे?"

बोलणारे होते मृणालदा. त्र्याहत्तर वर्षांचे, माकडटोपीतून फक्त नाक आणि कुतूहल बाहेर.

"तुम्हाला माझं नाव कसं माहीत?"

"पाचव्यावर जाऊन चौथ्यावर उतरणारे तुम्हीच ना? सगळ्या पाड्याला माहीत आहे. ते जाऊ द्या. पोट?"

हा प्रश्न दिगंबरला तो शाळेत जायला लागल्यापासून सख्ख्या आईनंही विचारला नव्हता. गांगरून त्यानं कार्यालयातलं उत्तर दिलं. "प्रकरण विचाराधीन आहे."

बाक थक्क झाला.

"वा!" मृणालदा म्हणाले. "इतकं प्रामाणिक उत्तर तीस वर्षांत ऐकलं नव्हतं."

पुढची चाळीस मिनिटं बाकानं ह्या उत्तरावर चर्चा केली. बाकावर दोन पक्ष पडले, एक इसबगोलाचा आणि एक कच्च्या पपईचा. दिगंबरचं पोट पहिल्यांदाच सार्वजनिक झालं होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटत होतं. हा पपई न खाताच आलेला गुण होता.

मृणालदांनी अडतीस वर्षं लोकलनं जाऊन-येऊन बजबजच्या तागाच्या गिरणीत काढली होती. मागांचा आवाज इतका की तिथे बोलणं म्हणजे हातवारे, नाहीतर बोंब. "अडतीस वर्षं मी एकही वाक्य पुरं केलं नाही," ते सांगायचे. "आता साठलेलं काढतोय. सध्या चौऱ्याऐंशी साल चालू आहे." त्यांच्या पलीकडे बसायच्या निर्मलादी, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी निवृत्ती घेतली होती, पण गुण देणं सोडलं नव्हतं. बाकावर कोणीही काहीही बोललं की त्या दहापैकी मार्क द्यायच्या.

बाकाचा नियम एकच. बसायचं तर रोज मनातली एक गोष्ट सांगायची. खरी हवी, मोठी नसली तरी चालेल. राजकारण आणि फुटबॉल धरले जाणार नाहीत, कारण ते न विचारता सगळेच सांगतात.

दुसऱ्या दिवशी दिगंबरची चप्पल धडधाकट होती. तरी तो बसला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि आलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं.

"हं," निर्मलादी म्हणाल्या.

दिगंबरनं बराच वेळ हातातल्या मातीच्या भांड्यात पाहिलं. "मला चहात बुडवलेलं बिस्किट आवडत नाही."

"का?"

"वाकतं."

"पाच," निर्मलादी म्हणाल्या. "विषय स्वतःचा आहे. पण कारण एका शब्दात गुंडाळलंत. उद्या विस्तारानं."

त्या दिवशी एस्प्लनेडच्या कार्यालयात वरिष्ठ व्यवस्थापकांनी एकही फाइल उघडली नाही. आपल्याला बिस्किटाचं एवढं काय लागतं, ह्यावर ते विचार करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाकावर म्हणाले, "ते डब्यात असतं तेव्हा ताठ असतं. मग लोक त्याला गरम चहात घालतात आणि म्हणतात, आता कसं छान मऊ झालं. त्याला कोणी विचारत नाही."

अविनाशनं हातातली बिस्किटाची बरणी हळूच मागे ठेवली.

"आठ," निर्मलादी म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

तिथून दिगंबर सुटला. बाकाची भाषा बंगाली, त्याची हिंदी, पण दोन्ही एकमेकांत बऱ्यापैकी मुरल्या होत्या. त्यानं सांगितलं की सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीची त्याला भीती वाटते आणि म्हणून मेट्रोत तो बुटाची नाडी बांधायचं नाटक करतो. त्यानं सांगितलं की कार्यालयात कोणी निवृत्त झालं की निरोपाच्या भाषणात त्याचे डोळे भरतात, मग तो फोनवर कॅल्क्युलेटर उघडून काहीतरी भागाकार करत बसतो. त्यानं हेही सांगितलं की लीनाच्या आमटीत गूळ जरा जास्त असतो, आणि हल्ली त्याला बाकीच्या जगाची आमटी आजारी वाटते. ह्याला साडेआठ मिळाले.

घरी मात्र उंबरा ओलांडला की झाकण बसायचं.

"बाबा कुठेय गं?" लीना विचारायची.

"चहा खायला गेलाय," नूपुर म्हणायची. नूपुरची अर्धी शाळा इथेच झालेली, त्यामुळे तिच्या मराठीत माणसं चहा खायची, पाणी खायची आणि क्वचित सिगरेटही खायची.

तो आला की लीना विचारायची, "काय म्हणतायत तुझे म्हातारे?"

"काही नाही."

असं दीड वर्ष चाललं. पाड्यातल्या माणसांना दिगंबर खांबेटे जवळजवळ पूर्ण माहीत झाला. राहिली होती एक लीना.

मग ह्या जानेवारीत, एका सोमवारी दुपारी चार वाजता, बदलीचा आदेश आला. नागपूर. एक एप्रिलला हजर व्हायचं. हरकत असेल तर शुक्रवारी पाचच्या आत विहित नमुन्यात कारणासह कळवावं.

मंगळवारी सकाळी दिगंबर बाकावर बसला आणि कोणी "हं" म्हणायच्या आत बोलून मोकळा झाला. "माझी बदली झाली. मला जायचं नाही."

निर्मलादींनी दहा दिले. बाकाच्या इतिहासात दहा कोणाला मिळाले नव्हते. मृणालदा चौऱ्याऐंशी सालातल्या टाळेबंदीबद्दल बोलले होते तेव्हासुद्धा नऊवर भागलं होतं. दिगंबर त्या दहाच्या धुंदीत कार्यालयात गेला, धुंदीत परत आला, आमटी-भात जेवला. आपण सांगितलं आहे, ही भावना इतकी भरगच्च होती की कोणाला सांगितलं हा तपशील त्यात दबून गेला.

बुधवारी दुपारी निर्मलादी नव्या गुळाच्या संदेश मिठाईचा पुडा घेऊन खांबेट्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"ऐकून फार वाईट वाटलं," त्या लीनाला म्हणाल्या. "मार्चमध्येच निघणार का?"

"कोण?" लीना म्हणाली.

एक शब्द. निर्मलादींनी पस्तीस वर्षं मुलींचे चेहरे वाचले होते. त्यांच्या लक्षात आलं की आपण वर्गात नको ते बोलून बसलो. विषय बदलायचा म्हणून त्यांनी तोंडाला येईल ते कौतुक सुरू केलं. दिगोंबोरबाबू किती छान बोलतात, सरकत्या जिन्याबद्दल किती हळवेपणानं बोलले, आणि तुमच्या आमटीतल्या गुळाबद्दल तर काय सांगू. लीनानं त्यांना चहा दिला. चहा देताना ती हसत होती. निर्मलादींनी नंतर बाकाला सांगितलं की त्या हसण्याला त्यांनी भीतीपोटी दहा दिले.

संध्याकाळी दिगंबर घरी आला. टेबलावर संदेशाचा पुडा होता आणि पुड्यामागे लीना.

"बदली झाली?"

"हो."

"कधी?"

"सोमवारी."

"आज काय आहे?"

"बुधवार."

"मग मंगळवार कुठे गेला?"

दिगंबरनं खरं तेच सांगितलं. "बाकावर."

"अरे, इस्त्रीवाल्याला माहितीये!" लीनाचा आवाज चढला. "काल मला म्हणाला, बौदी, साड्या असतील तेवढ्या आत्ताच देऊन ठेवा. मला वाटलं, ह्याचं दुकान बंद होतंय! मी त्याचं सांत्वन केलं, दिगंबर! आणि माझी आमटी गोड काय?"

"ते कौतुक होतं."

"कौतुक होतं तर ते माझ्यापर्यंत यायला निर्मलादी का लागल्या?"

दिगंबरनं तोंड उघडलं. आत सगळं होतं, रांगेत, क्रमवार लावलेलं. बाहेर काही येईना.

"बोल ना बाबा," नूपुर दारातून म्हणाली. "तिथे तर कसला भारी बोलतोस म्हणे. अख्ख्या पाड्यात तुझं नाव आहे."

"नागपूरला जायचंय की नाही तुला?" लीनानं विचारलं.

दिगंबर म्हणाला, "विचाराधीन आहे."

मग लीना बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता, आणि त्यामुळे दिगंबरला पहिल्यांदाच खरी धडकी भरली.

"हे बघ. मला नागपूर चालेल. पुणं नाही, पण निदान भाजीवालीशी भांडायला भाषा तरी आपली. तुला राहायचं असेल तर त्याचाही विचार करू. पण ते तू मला सांगायचंस. बाकाला नाही. मला. एकवीस वर्षं मी धरून चाललेय की आत काहीतरी वाटत असणार ह्याला. ते आहे, हे आता मला बाहेरून कळतंय, मार्कांसकट. शुक्रवारपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस ना, तर मी धरून चालणं बंद करणार आहे. थकले मी, दिगंबर."

तिनं संदेशाचा पुडा फ्रिजमध्ये ठेवला आणि क्लास घ्यायला गेली.

दिगंबर हादरला. नागपूर राहिलं बाजूला; त्याच्यापुढे आता ते धरून चालणं बंद होण्याचं संकट होतं. त्यानं उपाय शोधला. नूपुर आतल्या खोलीतून बघत होती. त्यानं इस्त्रीचं टेबल उंची कमी करून दिवाणखान्यात आडवं लावलं आणि त्यावर अंग चोरून बसला. क्लास संपवून लीना बाहेर आली.

"हे काय?"

"बाक," दिगंबर म्हणाला.

"हे इस्त्रीचं टेबल आहे."

ती बसली असती कदाचित. पण तेवढ्यात टेबलाचा एक पाय आत गेला आणि वरिष्ठ व्यवस्थापक हळूहळू, कसलाही आवाज न करता, उतरत्या दिशेनं जमिनीवर पोचले. तिथूनही ते काही बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी नूपुरनं आईचं पांघरूण ओढलं. "आई, चल. चहा खायला."

बाकावर सात जण होते. लीनाला पाहून सातही जण एकदम सरकले, आणि टोकाचे मृणालदा खाली पडता पडता वाचले. लीना मधोमध बसली. दिगंबर एका बाजूला, निर्मलादी दुसऱ्या बाजूला, आणि निर्मलादींचं लक्ष चहाच्या भांड्यावर इतकं खिळलेलं की जणू त्यात उत्तरपत्रिका तरंगत होती.

"नियम आहे," मृणालदा भीतभीत म्हणाले. "बाकावर बसलेल्यानं मनातली एक गोष्ट सांगायची. नव्या माणसानं आधी."

"सांगते की," लीना म्हणाली. "पाच वर्षांत मला ह्या गावाचा राग आला नाही तेवढा काल दुपारपासून ह्या बाकाचा आलाय. माझ्या घरातली वस्तू तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती वापरताय."

"नऊ," निर्मलादी पुटपुटल्या. सवयीनं.

मग सगळे दिगंबरकडे बघायला लागले. दिगंबर समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत होता. खांबावर कोणीतरी नृत्याच्या वर्गाची जाहिरात चिकटवली होती, ती त्यानं चारदा वाचली. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. इतके दिवस ह्याच बाकावर तो धडाधड बोलला होता, पण तेव्हा ऐकणाऱ्यांत ती नव्हती.

"ऐका माझं," मृणालदा पुढे वाकले. "गिरणीत नवा कामगार आला की असाच अडायचा. हळू बोलायला जायचा आणि आवाज घशातच मरायचा. त्याला सांगायचो तेच तुम्हाला सांगतो. इथेही माग चालू आहेत असं समजा. दोनशे माग. खटाखट खटाखट. कुजबुज करून काही होत नाही. बोंब मारा!"

दिगंबरनं डोळे मिटले. दोनशे माग चालू केले. आणि बोंब मारली.

"लीना! तू सायलीशी फोनवर बोलतेस ना, तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसतो!"

रस्त्यावरची माणसं थांबली. तीन कुत्री उठून उभी राहिली.

"मी पान उलटत नाही! आवाज होईल म्हणून! अकरा वर्षं मी तेच पान वाचतोय! मला सगळं माहीत आहे! सायलीच्या सासूचा गुडघा! तुमचं जोश्यांच्या लग्नातलं भांडण! मला ते ऐकायला आवडतं! दिवसभरात मला तेवढंच आवडतं!"

"अरे हळू—" लीना म्हणाली, पण माग चालू होते.

"मला नागपूरला जायचं नाही! इथे मला बोलता यायला लागलंय आणि तिथे ते बंद पडेल अशी भीती वाटते! आणि तू कंटाळून माझ्याशी बोलायची बंद होशील ह्याची त्याहून जास्त भीती वाटते! ह्याचं कारण मी एका शब्दात गुंडाळणार नाही! मी उद्या विस्तारानं सांगेन!"

त्यानं डोळे उघडले. इस्त्रीवाला, दूधवाला, शाळेच्या रिक्षातली चार मुलं, सगळे उभे होते. लीना त्याच्याकडे बघत होती.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "मला माहितीये."

"काय?"

"तू ऐकतोस ते. नाहीतर फोन मी स्पीकरवर का ठेवते, तुला काय वाटलं? मला काय कानाला धरता येत नाही?"

दोनशे माग एकदम बंद पडले. भवानीपुरात इतकी शांतता बंदच्या दिवशीही नसते.

सगळ्यांनी निर्मलादींकडे पाहिलं. निर्मलादींनी मान हलवली. "मार्क नाही देता येणार. पेपर आधीच फुटलेला आहे."

तेवढ्यात समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून एका न दिसणाऱ्या गृहस्थांचा आवाज आला, "त्या सासूच्या गुडघ्याचं पुढे काय झालं?"

"ऑपरेशन ठरलंय," लीनानं वर बघून हिंदीत सांगितलं. "मार्चमध्ये." आणि मग तिला नीट सांगावं लागलं, कारण गुडघ्यावर बाकाचे पुन्हा दोन पक्ष पडले होते. ती पावणेनऊला घरी परतली.

संध्याकाळी तिघांनी मिळून हरकतीचा नमुना भरला. कारणाच्या रकान्यात चारच पर्याय होते: आजारपण, वृद्ध आईवडील, पाल्य दहावी वा बारावीत, इतर. नूपुरनं आजच्या आज दहावीत जाण्याची तयारी दाखवली. ती नामंजूर झाल्यावर दिगंबरनं 'इतर'समोर लिहिलं: 'मला इथे आवडते.' लीनानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि काही दुरुस्ती सुचवली नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता अर्ज गेला. दहा वाजून चोवीस मिनिटांनी उत्तर आलं. इतक्या वेगानं त्या कंपनीत ह्याआधी फक्त आग विझवली गेली होती. 'अमान्य. आवडणे हे कारण नियमावलीत नाही.'

त्या दिवशी दिगंबर लवकर घरी आला आणि बूट न काढता थेट स्वयंपाकघरात गेला.

"नाही म्हणाले," तो म्हणाला. मग बाक नसताना, माग नसताना, साध्या आवाजात म्हणाला, "मला वाईट वाटतंय."

लीनानं पुढचं नीट ऐकू यावं म्हणून कुकरखालचा गॅस बंद केला. पुढचं वीस मिनिटं चाललं. भात कच्चा राहिला.

"बरं," शेवटी ती म्हणाली, "सामान किती नेऊ देतात रे?"

"चार टन."

"आपलं किती भरेल?"

"अडीच. धरून चाललं तर पावणेतीन."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिगंबर कागद घेऊन आला. मसुदा स्वयंपाकघरात झाल्यामुळे तो मराठीत आहे. सोमवारी तो नियमानुसार हिंदीत भाषांतर करून पाठवण्यात आला.

प्रति,
मा. उपमहाव्यवस्थापक (बदल्या व वाहतूक)

विषय : अनुज्ञेय घरगुती सामानातील शिल्लक वजनाच्या विनियोगाबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे घरगुती सामान अंदाजे २७५० किलो भरत असून अनुज्ञेय मर्यादा ४००० किलो आहे. शिल्लक १२५० किलोमध्ये खालील बाबी कोलकाता येथून नागपूर येथे नेण्यास मान्यता मिळावी.

१. श्री. मृणाल दत्त. वजन ६१ किलो, टोपीसह. वाहतुकीदरम्यान आवाज होईल. तो दोष समजू नये.

२. श्रीमती निर्मला पाल. वजन ५४ किलो. नाजूक नाहीत. चालकाने वळण चुकीचे घेतल्यास त्या गुण कमी करतील, याची वाहतूकदारास पूर्वकल्पना द्यावी.

३. श्री. अविनाश, शेगडी व किटलीसह. शेगडी वाटेत विझू देऊ नये.

४. दुसऱ्या मजल्यावरील गृहस्थ. वजन व चेहरा ज्ञात नाही. मजल्यासह न्यावे लागतील.

५. लाकडी बाक, एक. त्यावर बसलेल्यांना न उठवता उचलावा.

वरील बाबी नागपूर येथे अर्जदाराच्या निवासस्थानापासून शंभर पावलांच्या आत, याच क्रमाने, सकाळी साडेसहापूर्वी उतरवून घ्याव्यात. सदर बाबींशिवाय अर्जदाराचे बोलणे सुरू राहते किंवा कसे, याची चाचणी सध्या त्याच्या स्वयंपाकघरात दररोज घेण्यात येत आहे. प्राथमिक निष्कर्ष समाधानकारक आहेत. तथापि अर्जदारास भीती वाटते, आणि ती वाटते हे त्याने पत्नीस तोंडी कळविले आहे.

तरी मान्यता मिळावी, ही विनंती. तसेच आपला निर्णय लेखी न पाठविता, आपण स्वतः एखाद्या सकाळी समक्ष येऊन, अर्जदाराशेजारी बसून, प्रथम आपल्या मनातील एक गोष्ट सांगून मगच कळवावा, ही नम्र विनंती.